आरशावरची चांदी कोणी उतरवली?

"दादा, धावा! आरसा गेला!"

तेजराम हवालदार अर्धी दाढी तशीच ठेवून धावला.

दुर्बिणीचा आरसा जागेवरच होता. गेला होता तो त्याच्यावरचा चांदीचा मुलामा. धाकटा भाऊ केवलराम, शाळेत विज्ञान शिकवणारा, कपाळाला हात लावून बसला होता. ताऱ्यांची चमक कमी-जास्त का होते, या संशोधनासाठी त्यानं सरकारकडे अनुदान मागितलं होतं. दुर्बीण पाहायला दिल्लीचे साहेब उद्या भिलाईत येणार होते.

अर्जावर दुसरं नाव कवडूचं. तो पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. मुलामा त्यानंच चढवलेला. दुर्बिणीच्या खोलीची एक किल्ली घरात, दुसरी त्याच्याकडे. तेजरामला तेवढं पुरलं. कवडूला बोलावून शेजाऱ्यांदेखत त्यानं त्याची कॉलर धरली.

"काल आलता?"

"दुपारी आलतो. आरसा जरासा काळा पडलता, बाकी ठीक होता."

"मंग कोनं केलं?"

"मले काय मालूम, भाऊ?"

केवलरामनं अर्जावरचं त्याचं नाव खोडलं. कवडू निघून गेला.

मग तेजरामनं आरसा नीट पाहिला. हे आधी करायला हवं होतं. काचेवर गोल गोल घासल्याच्या खुणा. चौकटीच्या खाचेत राख, चिंचेचा धागा आणि हळद. काल विश्वकर्मा पूजा होती, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस.

त्यानं केवलरामला स्वयंपाकघरात नेलं. तेजरामची बायको सिंधुताई तांदूळ पाखडत होती.

"नुकसान कराले आलेला मानूस हळद वाहत नाही," तेजराम म्हणाला. "कवडूनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो पूजा करतच नाही. घरची किल्ली खुंटीवर राहते. अन् ड्यूटीवर जाताना मीच म्हनलं होतं, घरातली सारी हत्यारं पुजजो. सिंधू, तुनंच घासला ना?"

सूप खाली ठेवून ती रडू लागली. "चांदी काळी दिसली जी. भांड्यावानी घासली, तं सारीच निंगाली. मले भेव वाटलं."

"सकाळी कवडूले धरलं तवा?"

"तवा बी भेव वाटलं."

तेजराम तिच्यावर ओरडला नाही. कुठल्या तोंडानं ओरडणार?

दोघे भाऊ कवडूच्या क्वार्टरवर गेले. तेजरामनं सारं सांगून हात जोडले. "चुकलो. केवलनं नाव पुन्हा लिवलं."

कवडूनं मुलाम्याच्या औषधाच्या बाटल्या पिशवीत भरल्या. "आता बसलो तं उद्यापर्यंत चढंल." दारात तो थांबला. "पन भाऊ, सबूत भेटला म्हनून आलात. नसता भेटला तं?"

तेजरामनं पिशवी घ्यायला हात पुढे केला. कवडूनं ती स्वतःच उचलली.