नाहोम येऊन गेला

ज्यांना पटायचं नाही त्यांनी इथेच थांबावं. माझा आतेभाऊ गेझाहेन थापा मारणाऱ्यातला नाही. हे सांगताना तो अजूनही मध्येच उठून जातो.

ऑगस्टातला शनिवार. गाव देब्रे बेरहान, उंच पठारावरचं.

हाडं गोठवणारा गारठा, त्यात पाऊस. थांबायचं नावच नाही.

गेझाहेन आणि त्याची होणारी बायको अयनालेम सुट्टीचे दोन दिवस मित्राकडे आले होते. मित्र म्हणजे फिक्रे, आणि त्याची बायको हिरुत. अयनालेमचा धाकटा भाऊ नाहोम ट्रक चालवायचा. त्या गावावरून जाताना तोही भेटून जाणार होता. आई गेल्यावर तिनंच वाढवलेलं पोर ते. तिचा जीव होता त्याच्यावर.

दुपारी गेझाहेनला तिच्या मामांचा फोन आला.

तर्माबेरच्या घाटात, धुक्यात, ट्रक दरीत गेला होता...

नाहोम जागीच गेला होता.

"तिला आत्ता कळू देऊ नकोस रे बाबा," मामा रडत म्हणाले. "आम्ही सगळे पहाटे येतो."

आमच्याकडे मरणाची बातमी अशीच देतात. फोनवर नाही, एकट्यादुकट्यानं नाही. वडीलधारी माणसं पहाटे दारात येतात आणि मग सांगतात. दुःखाच्या माणसाला धरायला चार हात असावेत म्हणून. तोवर घरच्यांनी हसतं तोंड ठेवायचं.

गेझाहेननं फिक्रे आणि हिरुतच्या कानावर घातलं. हिरुतनं अयनालेमचा फोन गुपचूप उशीखाली सरकवला. तिघंही हसत बसले. कसे बसले असतील, देव जाणे.

"काय रे, तोंडं का अशी एरंडेल प्यायल्यासारखी?" अयनालेम म्हणाली. "कॉफी मी केलीय, विष नाही कालवलं! थांबा, जव भाजून आणते. नाहोम येईल इतक्यात, त्याला गरम गरम लागतात."

ती अंगणापलीकडच्या स्वयंपाकाच्या खोपटात गेली.

हिरुत तोंडात पदर कोंबून रडली.

थोडा वेळ नुसता पाऊस...

मग खोपटातून अयनालेमचा आवाज आला.

ती कुणाशी तरी बोलत होती. बोलायची, थांबायची... पुन्हा बोलायची. मग खळखळून हसली.

"कोण आलंय?" गेझाहेननं विचारलं.

फिक्रेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. "फाटकाला कुलूप आहे. आणि कुत्रा..."

त्यांचा कुत्रा उडत्या पाखरावरही भुंकायचा. तो भिंतीला चिकटून बसला होता. गप्प.

गेझाहेन भर पावसात धावला.

खोपटात अयनालेम एकटीच होती. चुलीपाशी दोन तिवया, समोरासमोर.

"अरे, चुकामूक झाली बघ! नाहोम आत्ताच गेला," ती म्हणाली. "घरात चल म्हटलं, तर ऐकेल तेव्हा ना. नखशिखांत भिजलेला. काय झालं होतं त्याला, कोण जाणे. सारखं एकच विचारत होता..."

"काय?"

"ताई, तू रडत का नाहीस?"

गेझाहेननं तिच्या समोरच्या रिकाम्या तिवईकडे पाहिलं.

"मी म्हटलं, रडायला काय तू मेलायस? आणि हसले. तर वेडा नुसता बघतच राहिला माझ्याकडे. मग मीच म्हटलं, बरं बाबा, उद्या सकाळी ये, तेव्हा रडते. चल, पळ आता."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण मामांना दिलेला शब्द, आणि आजवरची रीत... त्यानं तिच्या हातातली जवाची परात घेतली आणि म्हणाला, "चल आत, गारठशील."

पहाटे फाटक वाजलं.

धुक्यात पांढऱ्या शाली पांघरलेली माणसं उभी होती. मामा सगळ्यांत पुढे.

अयनालेम दारात आली. तिनं त्या शाली पाहिल्या. अशा वेळी इतकी माणसं एकत्र कशासाठी येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"कोण?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नाही... तो काल आला होता. काल आला होता ना रे?"

बायका तिला धरायला धावल्या, पण ती सगळ्यांना झिडकारून अंगणातून पळाली, त्या खोपटाकडे.

"नाहोम! रडतेय रे मी! बघ ना, रडतेय... ये ना रे बाळा, मी हसले ते खरं नव्हतं!"

आत कुणी नव्हतं. चूल थंड पडली होती.

त्यांचं लग्न झालं. संसार बरा चाललाय. तुला माहीत होतं का, असं तिनं गेझाहेनला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो.

पण पावसाळ्यातल्या गारठ्याच्या दिवसांत ती अंगणात जाऊन बसते आणि रडते. घसा फोडून, शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं.

त्यानं एकदाच तिला समजावून पाहिलं. "हळू रड गं, घसा बसेल."

"हळू रडून कसं चालेल?" ती म्हणाली. "त्याला ऐकू जायला नको?"