साडूंनी लावलेला पियानो

माझे साडू पियानो सुरात लावायचं काम करायचे. एका संध्याकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन अशाच एका कामाला निघाले, तिथून ही गोष्ट सुरू होते. भुताची गोष्ट पाहिजे म्हणालात ना? मग ती अशीच सुरू होणार. भुतं काही आधी अर्ज करून येत नाहीत. हं, तेवढी ती खुर्ची सोडून बसा कोणीही. तिचा पाय मोडका आहे. एवढी मोठी सतरंजी कशाला टाकलीय?

तर साडू. म्हणजे तुमच्या मामीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोन साडूंचं पटलंच पाहिजे असा काही सरकारी नियम नाही; पण आमचं पटायचं, कारण ते बोलत नसत आणि मला बोलायला लागतं. बायको गेल्यावर तर त्यांचं बोलणं फक्त गिऱ्हाइकापुरतं उरलं. घरात एक ताट, एक पेला, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मी एकदा म्हटलं, "अहो, पाहुणा आला तर बसेल कुठे?" म्हणाले, "येऊ तर दे."

तारीख सांगतो, म्हणजे मी हवेतलं बोलतोय असं वाटायला नको. तीन वर्षांपूर्वीची अठरा नोव्हेंबर, शुक्रवार. मला पक्की आठवते, कारण त्याच सकाळी मी बँकेत जाऊन स्वतः जिवंत असल्याचा दाखला देऊन आलो होतो. भुताच्या गोष्टीला याहून भरवशाचा साक्षीदार कुठे मिळायचा?

साडू निघाले होते एका म्हाताऱ्या बासवाल्याकडे. बास म्हणजे माणसाहून उंच, व्हायोलिनची थोरली आजी म्हणा ना. उभं राहून, कवेत घेऊन, बोटांनी वाजवायची. पूर्वी गोदीजवळच्या क्लबात पाच जणांचा जॅझ बँड होता. पियानो, सॅक्सोफोन, ड्रम, ट्रंपेट आणि ही बास. पाचांतले चार गेले, म्हातारा तेवढा उरला. पियानोवाल्याचा पियानोही त्याच्याच घरी येऊन पडला होता. दर वर्षी अठरा नोव्हेंबरला तो साडूंना बोलावून पियानो सुरात लावून घ्यायचा. वाजवणारं घरात कोणी नाही. साडूंनी कधी विचारलं नाही. मीही कचेरीत जन्मभर कोणी न वाचणारे अहवाल टाइप केले, मी तरी कुठे विचारलं?

गल्लीतलं तळमजल्याचं घर. पुढची खोली लांबट, भिंतीला पियानो, कोपऱ्यात टेकून बास. मधे तीन खुर्च्या अर्धगोल मांडलेल्या आणि पियानोपुढे स्टूल. साडूंचं काम संपलं तेव्हा बाहेर सगळी दुकानं बंद झाली होती.

म्हातारा चहा घेऊन आला. म्हणाला, "उद्या पुतण्या न्यायला येतोय मला. त्याच्याकडे लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा आहे. सगळी सोय आहे. हिला तेवढी जागा नाही." आणि त्याने बासवर हात ठेवला.

"आणि पियानो?"

"तो तुम्ही न्या. खुर्च्यांसकट."

"मी? मला वाजवता येत नाही हो. मी फक्त लावतो."

"वाजवणारा नकोच आहे मला," म्हातारा म्हणाला. "वाजवणारे आहेत."

साडूंना वाटलं, म्हाताऱ्याचं वय बोलतंय. पण म्हातारा शांतपणे चहा फुंकत होता.

"हे संगीत कोणाचं, ठाऊक आहे? समुद्रापलीकडे माणसांना बाजारात उभं करून विकलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचं. त्यांना कुठे तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणून त्यांच्या गाण्यात प्रत्येकाची पाळी असते. आधी सगळे मिळून धून वाजवणार. मग एकेक जण उठून तीच धून आपल्या मनाने उलगडणार, आणि तोवर बाकीचे त्याला सांभाळून घेणार. शेवटी पुन्हा सगळे मिळून. कोणाची पाळी खायची नाही. आम्ही ते खलाशांच्या रेकॉर्डींवरून शिकलो, सुई एकाच जागी पुन्हा पुन्हा ठेवून. रेकॉर्डी झिजून गेल्या, पण एवढं अंगात मुरलं."

हे त्याचं मला पटलं हं. आपल्या घरच्या गप्पांत कोणी कोणाला सांभाळून घेतं का? एकाने तोंड उघडलं की चौघे तुटून पडतात.

"पहिल्यांदा पियानोवाला गेला," म्हातारा सांगत होता. "आम्ही दुसरा घेतला नाही. त्याची पाळी आली की नुसता ठेका धरून थांबायचो. मग सॅक्सोफोन गेला. मग ड्रमवाला. शेवटी दादा आणि मी."

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. ट्रंपेट वाजवायचा. ट्रंपेटच्या नळीत श्वासाचं पाणी साठतं, ते काढायला खाली इवलीशी झडप असते. दादाची पाळी संपली की तो खुर्चीत बसून ते पाणी तिथंच फरशीवर सांडायचा. घरी सराव चालला की आई फडकं घेऊन धावायची. आणि दादा म्हणायचा, राहू दे गं, वाळेल.

"आता दादाही नाही," म्हातारा म्हणाला. "क्लबला कुलूप लागलं ती हीच रात्र. या रात्री मी एकटा वाजवतो आणि चौघांसाठी थांबतो. उद्यापासून कोण थांबणार?"

साडू म्हणाले, "मला नाही जमायचं. माझं घर लहान आहे."

"माणसं किती?"

"मी एकटाच."

"मग जागा आहे की."

साडू म्हणाले, "बघतो." आता 'बघतो' म्हणजे काय, ते माझ्यासारख्या काउंटरवर हाडं झिजवलेल्या माणसाने तुम्हाला सांगायला नको. म्हाताऱ्यालाही ते कळलं. तो एवढंच म्हणाला, "आज तरी बसा. फक्त कोणाची जागा भरू नका."

साडू पियानोच्या बाजूला जमिनीवर बसले. म्हाताऱ्याने मोठा दिवा मालवला, कोपऱ्यातला लहान ठेवला. साडेअकरा वाजून गेले होते. त्याने बास कवेत घेतली आणि धून सुरू केली.

साडूंनी ती लगेच ओळखली. तरुणपणी क्लबात शिरायचं त्यांना धाडस नव्हतं. ते मागे स्वयंपाकघराच्या दाराशी, रिकाम्या खोक्यांजवळ उभं राहून ऐकायचे. ही धून त्यांनी भिंतीपलीकडूनच ऐकलेली. आज ते आत होते, समोर बसले होते… आणि पाचांतला एकच आवाज येत होता. बाकीचे चार पुन्हा भिंतीपलीकडेच.

…

काय गं? नाही, झोप नाही लागली मला. जरा थांबलो. अलीकडे मधे मधे थांबायची सवय लागलीय. ऐक.

धून संपली. पियानोची पाळी आली.

बास हलकी झाली. एकेक सूर… पावलं टाकल्यासारखा. समोर स्टूल, रिकामं. आणि पियानोच्या पोटातून गुंजन येऊ लागलं. साडू घाबरले नाहीत. शेजारी बास वाजली की पियानोच्या तारा आपोआप गुणगुणतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या गुंजनात एक सूर… उतरलेला होता. किंचित. तासाभरापूर्वी लावलेला पियानो, आणि सूर उतरलेला?

आता हे तुमच्या-माझ्या कानाला कळलं नसतं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. पण पियानो लावणाऱ्याला ते दातात अडकल्यासारखं. म्हाताऱ्याने सांगितलेलं विसरून त्यांचा हात आपसूक वर गेला. ती पट्टी दाबून बघायला. अंधारात त्यांनी चाचपली. बोट टेकवलं.

पट्टी खाली गेली नाही.

ती आधीच खाली होती.

दाबलेली.

साडूंचं बोट तिथंच राहिलं. काढायचं सुचेना. मग त्या बोटाखाली… ती पट्टी हळूच वर आली. कोणीतरी हात मागे घ्यावा तशी.

बास थांबली.

खोलीत काही नाही. श्वाससुद्धा नाही.

म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते. तो साडूंशी बोललाच नाही. स्टुलाच्या बाजूला तोंड करून, समजूत घालावी तसा म्हणाला,

"राहू दे रे. नवीन आहे तो."

…

आणि बास पुन्हा सुरू झाली. पियानोची पाळी, पहिल्यापासून.

साडूंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पियानोची पाळी झाली. सॅक्सोफोनची झाली. ड्रमची झाली. एकाही खुर्चीतून कसलाही आवाज आला नाही. साडूंनी नंतर कितीदा सांगितलं मला, काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. दिसत होतं ते म्हाताऱ्याचं तोंड. प्रत्येक पाळीला तो त्या खुर्चीकडे वळायचा. मान डोलवायचा. ट्रंपेटच्या पाळीला मधेच मोठ्यांदा हसला. जुन्या मित्राने ठेवणीतला विनोद काढला की आपण हसतो ना, तसा.

पण साडूंना उठून पळावंसं वाटलं नाही. त्यांना त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. चार रिकाम्या जागांमध्ये बसून माणूस इतका भरल्या घरातला दिसू शकतो… आणि आपण एका खुर्चीवर वर्तमानपत्रं रचून ठेवलीत.

धून संपल्यावर म्हाताऱ्याने बास टेकवून ठेवली. म्हणाला, "तुमचं कोणी गेलंय?"

"बायको."

"काय वाजवायची?"

"काही नाही. मी घरी कोणाचा पियानो दुरुस्तीला आणला की दारात उभी राहायची. शेवटी म्हणायची, आता बरोबर झालं. तिला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती म्हणाल्याशिवाय मी हत्यारं आवरत नसे."

"आणि आता?"

"आता लगेच आवरतो."

"मग तिला बोलायला जागा कुठे ठेवलीत?" म्हातारा म्हणाला.

…

तो पुतण्याकडे गेला आणि महिन्याभरात आटोपला. पियानो आणि तिन्ही खुर्च्या साडूंच्या दीड खोलीत आल्या. आम्ही सगळे हसलो. तुमची मामी म्हणाली, "भावोजींनी संसार मांडला पुन्हा." वर्तमानपत्रं रद्दीत गेली आणि ती खुर्ची दाराशी ठेवली गेली. का, ते आता तुम्हाला सांगायला नको. काम संपलं की हत्यारं तशीच ठेवून ते जरा वेळ दाराकडे बघत बसायचे. मग आवरायचे.

बास त्यांना येत नव्हती. अठरा नोव्हेंबरला ते पियानो लावून ठेवायचे आणि पायाने नुसता ठेका धरून बसायचे. गेल्या वर्षी मी मुद्दाम उशिरा गेलो. दार उघडंच होतं. त्यांनी मला बोटानेच गप्प केलं. मी उंबऱ्यात उभा राहिलो. शेवटी मी विचारलं, "काय हो, कोण कोण आलं होतं?"

म्हणाले, "सगळे." आणि असं हसले की मला पुढे थट्टा करवेना.

या फेब्रुवारीत ते झोपेतच गेले. घर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. कागद आवरायची सवय असली की लोक सामानही तुमच्या गळ्यात घालतात. पियानो एका शाळेने नेला. त्यांची स्वतःची दाराशी ठेवलेली खुर्ची तुमच्या मामीने मागून घेतली, ती आत तिच्या खोलीत आहे. बँडच्या तीन खुर्च्यांपैकी दोन जुन्या सामानवाल्याने उचलल्या. तिसरी हातगाडीत मावेना.

ती ही.

नाही रे, पाय मोडका नाही. धडधाकट आहे.

कोणाची, ते मला ठाऊक नव्हतं. सॅक्सोफोनवाल्याची, ड्रमवाल्याची की दादांची… तिन्ही एकसारख्याच होत्या. मला ना ठेका धरता येतो, ना सूर कळतो. मला येतं एक बोलायला. म्हटलं, आपण तेच करावं. बोलता बोलता थांबावं. मघापासून तीनचारदा थांबलो ना मी? तुम्ही एकमेकांना कोपरं मारत होतात, मामा पेंगतोय म्हणून.

आज तारीख किती?

…

…

…

हं. आता लाव मोठा दिवा.

ओरडू नकोस, वरचे लोक जागे होतील. छप्पर? वर दोन मजले आहेत, छप्पर कुठून गळणार? पाण्याचा जग हा इथे आहे, माझ्या हाताशी, आणि भरलेला आहे. तुम्ही कोणी त्या खुर्चीजवळ गेलाच नाहीत, मी बघत होतो. रुपयाएवढंच आहे, खुर्चीच्या बरोबर पुढे…

कुठे निघालीस? फडकं नको आणू.

राहू दे गं. वाळेल.