हवा दोन्हीकडे छानच

स्वयंपाकघरातला नळ चालतो का, ते पाहायला म्हणून तिने तो जरासा फिरवला, आणि नळ तिच्या हातातच आला.

पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर, तिथून तिच्या चष्म्यावर. नव्या चपला भिजल्या. रिकाम्या घरात ना बादली, ना फडकं. घर दाखवणारा एजंट 'पाच मिनिटांत आलो' म्हणून खाली गेला होता, तो गेलाच होता. तिने दोन्ही तळव्यांनी पाइपचं तोंड दाबून धरलं. उभं आयुष्य हॉस्पिटलात काढलेली बाई ती, तिला असं दाबून धरायची सवय होती. पण रक्त कधीतरी थांबतं. हे पाणी काही थांबेना.

तेवढ्यात दार ढकलून एक गृहस्थ आत आले. उंच, केस पांढरे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"किती वेळ लावलात हो?" एजंटच आला असं समजून ती मान न वळवता म्हणाली. "आता उभे काय राहिलात? खालचा कॉक बंद करा आधी."

गृहस्थ गुडघे टेकून ओट्याखाली शिरले.

"उजवीकडे फिरवा. उजवीकडे... तुमचं उजवं."

"माझं उजवंच आहे हे," ओट्याखालून आवाज आला. भारदस्त आवाज, पण आत हसू दाबलेलं. "गंजलंय. जरा धीर धरता का?"

"मी धीरच धरलाय. पाणी धरत नाहीये."

शेवटी कुरकुरत कॉक फिरला. धार बारीक झाली, थेंबावर आली. तिने पर्समधून बँडेजचा रोल काढला आणि पाइपच्या तोंडाला घट्ट, नेटकं बांधून टाकलं. गृहस्थ उठून उभे राहिले. केसांतून पाणी निथळत होतं. ते त्या बँडेजकडे मोठ्या कौतुकाने बघत होते.

"वाचेल का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचं," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं.

एजंट धापा टाकत वर आला तेव्हा दोघं ओलेचिंब होऊन हसत उभे होते. "अरे डॉक्टर, तुम्हीही आलात? सिस्टर, तुमची ओळख झाली वाटतं."

"डॉक्टर?" तिने चष्मा पुसता पुसता विचारलं.

"जनावरांचा," ते म्हणाले. "प्लंबर व्हायचं राहून गेलं होतं, ते आज झालो."

तिचे कान तापले. वॉर्डात नुसती तिची चाहूल लागली तरी शिकाऊ डॉक्टर ताठ उभे राहायचे. कुणापुढे कान तापायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ज्या मोठ्या शहरात तिची नोकरी झाली तिथे उन्हाळा माणसाला भाजून काढायचा आणि थंडी हाडांत शिरायची. म्हणून तिथून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी दोनच जागा असत, डोंगरातलं शहर आणि किनाऱ्यावरचं शहर. दोन्हीकडे बारा महिने हवा छान. ना पंखा लागायचा, ना शेकोटी. 'डोंगर की किनारा' यावर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा थंड होईपर्यंत वाद चालत.

तिला खरंतर वाद घालायचं कारणच नव्हतं. तिची मैत्रीण ठमी आणि ती नर्सिंगच्या पहिल्या दिवसापासून एका खोलीत राहिलेल्या. दोघींनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर ठमी म्हणायची, "आमच्या ड्यूट्याच जुळल्या नाहीत कुणाशी." निवृत्तीनंतर डोंगरातल्या शहरात शेजारी शेजारी घर घ्यायचं, मधल्या भिंतीवर टकटक करून एकमेकींना चहाला बोलवायचं, हे केव्हाच ठरलेलं. ठमी आधी निवृत्त झाली, तिकडे राहायलाही गेली. शेजारचं घर तिने मालकाच्या हातापाया पडून अडवून ठेवलं होतं.

आणि तरी ही बाई रजा टाकून किनाऱ्यावर आली होती. 'नुसतं बघायला.' ठमीला न सांगता.

त्या संध्याकाळी ती डॉक्टरांबरोबर समुद्राच्या कठड्यावर बसली होती. हातात कागदी पेल्यातला चहा. ओले कपडे वाऱ्याने अंगावरच वाळत होते. दोघांच्या मध्ये एक भलामोठा म्हातारा कुत्रा पसरलेला.

"हे साहेब," डॉक्टरांनी ओळख करून दिली. "घरातले निर्णय तेच घेतात."

"मग साहेबांचं काय म्हणणं आहे? डोंगर की किनारा?"

"त्यांचे मागचे पाय आखडलेत. पाण्यात पोहले की मोकळे होतात. डोंगरात सगळ्या पायऱ्याच पायऱ्या. तेव्हा साहेबांचं मत इकडे आहे." त्यांनी कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "मला तसं कुठेही चालेल. बायको गेल्यापासून मी हवापाण्याचं फारसं मनावर घेत नाही. हवा छान आहे, पण ते सांगायचं कुणाला? साहेब ऐकून घेतात. उत्तर देत नाहीत."

तिने चहाचा घोट घेतला. समुद्र इतका शांत होता की जणू कुणीतरी त्याला झोपेचं औषध दिलं होतं.

"आणि अहो, तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

तिने ठमीचं सांगितलं. भिंत, टकटक, सगळं. सांगताना आपण ते वारंवार पाठ केल्यासारखं का सांगतोय, असं तिला वाटून गेलं.

"शब्द दिलाय म्हणजे प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले. "मग इथला नळ का तोडलात?"

"तो तुटला."

"बरं. तुटला."

तिने हसू लपवायला तोंड दुसरीकडे वळवलं. "तुम्ही मला 'अहो, अहो' काय करताय मघापासून? सगळं जग मला सिस्टर म्हणतं."

"म्हणू दे जगाला. मी नाही म्हणणार."

"का?"

डॉक्टर समुद्राकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. "बघू... पुढेमागे सोयीचं पडेल."

ती रात्रीच्या गाडीने परत गेली. गाडीत वाचायला घेतलेलं मासिक तिने उलटं धरलं होतं, हे शेजारच्या बाईंनी तिला सांगितलं.

मग फोन सुरू झाले. डॉक्टरांनी किनाऱ्यावरचं ते घर घेतलं, नळासकट. ते संध्याकाळी फोन करायचे आणि सुरुवात नेहमी एकच. "इथे आज हवा छान आहे."

"इथे अंगाची लाही होतेय," ती म्हणायची. "टोचून बोलू नका."

"साहेब आज एका लाटेवर भुंकले. लाट मागे गेली. तेव्हापासून शेफारलेत."

तिला हसू यायचं. मग ती वॉर्डातलं सांगायची. कोण बरा होऊन घरी गेला, कुणी जाताना तिचा हात सोडला नाही. बोलता बोलता वरण करपायचं. ठमीचा फोनही रोज यायचा, आणि ठमीशी बोलताना तिला पहिल्यांदाच शब्द निवडावे लागत होते. ते तिला फार जड जायचं.

निवृत्त झाल्यावर ती डोंगरातल्या शहरात गेली, शेजारच्या घराचं पक्कं करायला. निघायच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मीही येऊन जावं म्हणतो. घर बघायला."

"तुम्ही घेतलंत ना घर?"

"घेतलं. पण दुसरीकडचं बघू नये असं कुठे आहे? तुम्ही नाही का... बघत होता?"

डोंगरातलं शहर खरंच देखणं होतं. उतरणीवर चढत गेलेली लाल कौलांची घरं, त्यांच्यामधून दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, आणि दुपार कलली की खालून हळूच वर येणारं धुकं. ठमीचं घर सगळ्यात वरच्या ओळीत. ठमी खिडकीत उभी होती, म्हणून तिनेच आधी पाहिलं.

"अगं, हे बघ. एक माणूस कुत्र्याला कडेवर घेऊन चढतोय. वेडाबिडा आहे की काय?"

तिने खिडकीतून पाहिलं आणि हातातली बशी ओट्यावर ठेवली. ठमीने बशीकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. "अस्सं," ठमी एवढंच म्हणाली.

डॉक्टर आत आले तेव्हा त्यांना दम लागला होता. शर्ट घामाने चिकटलेला, त्यावर सगळे कुत्र्याचे केस. साहेब मात्र पालखीतून उतरल्यासारखे उतरले आणि ठमीच्या सतरंजीवर बसले.

ठमीने पाणी दिलं, समोर खुर्ची ओढली आणि थेट तपासणीच सुरू केली. "गुडघे कसे आहेत?"

"त्याचे की माझे?"

"दोघांचे."

"त्याचे जरा बरे आहेत."

"स्वयंपाक येतो?"

"भात-वरण येतं. पोळ्यांचे नकाशे होतात."

"चिडता का?"

"मालकांवर. जनावरांवर नाही."

ठमीच्या ओठाचा कोपरा हलला. चहा झाल्यावर तिघं शेजारचं रिकामं घर बघायला गेले. डॉक्टर खोल्यांतून हिंडले, खिडकी उघडून दरीकडे पाहून आले. ठमी मुद्दामच आधी बाहेर पडली.

"छान आहे घर," डॉक्टर म्हणाले. "उजेड छान येतो. तुम्ही इथे सुखी व्हाल."

"तुम्ही घर बघायला आला होतात."

"हो. मला वाटलं, इथे जमतंय का बघावं... जमलं तर मीच यावं. पण साहेबांना या पायऱ्या रोज व्हायच्या नाहीत, आणि या वयात त्याला मी कुणाकडे टाकू?" त्यांनी खिडकीच्या गजावरून उगाच बोट फिरवलं. "आणि तुम्हाला तिकडे चला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मैत्रिणीला दिलेला शब्द मोडून आलेलं माणूस... मला नाही चालणार. तुम्हालाही नाही चालणार."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण तेवढ्यात डॉक्टरांनी नमस्कार केला, साहेबांना शीळ घातली, आणि ते दोघे निघून गेले.

ती ठमीकडे परत आली. ठमी कप विसळत होती.

"गेले?"

"गेले."

"मग तू इथे काय करतेस?"

"ठमे, आपलं ठरलंय."

"मी शेजार मागितला होता ग तुझ्याकडे. जन्मठेप नव्हती मागितली." ठमीने कप पालथा घातला. "आणि खरं सांगू? तुझ्यावाचून माझं काही अडत नाही इथे. खालच्या मास्तरीणबाई आहेत, पत्त्यांचा अड्डा आहे, सकाळी चालायला पाचजणी आहेत. दुखलं का?"

"जरा."

"बरं झालं."

मग ठमी पाठ फिरवून भांडी लावायला लागली. एकेक भांडं दणादण फळीवर आदळत होतं. तिने ते ऐकलं. हॉस्टेलच्या दिवसांपासून तिला ठाऊक होतं, ठमी रडताना भांडी आपटते, म्हणजे आवाज ऐकू जायला नको. तिने मागून जाऊन ठमीला मिठी मारली.

"खोटं बोलतेस."

"अर्धंच," ठमी नाक ओढत म्हणाली. "पत्त्यांचं खरं आहे. वर्षातले दोन महिने तू इथे, दोन महिने मी तिकडे. समुद्र मला आवडत नाही, पण मी पाठ करून बसेन त्याच्याकडे. आता जा बाई. तो म्हातारा झपाझप उतरला असेल."

ती पायांत चपला सरकवत निघाली. धुकं आता गल्लीत शिरलं होतं. पाच-सहा पायऱ्यांपलीकडचं दिसत नव्हतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. गेले वाटतं, असं म्हणेपर्यंत तिसऱ्या वळणावर तिला पांढरे केस दिसले. डॉक्टर पायरीवर बसले होते. साहेब त्यांच्या पायांशी आडवे.

"उतरता येत नाहीये ना याला?" तिने धापा टाकतच विचारलं. "मागची बाजू मी धरते. उठा."

"अहो, तुमची पाठ—"

"पेशंट उचलण्यातच गेली आहे ती. चला, एक, दोन, तीन."

साहेबांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ते मोठ्या मनाने उचलले गेले. पुढे डॉक्टर, मागे ती, दोघं खेकड्यासारखे आडवे आडवे उतरू लागले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझे हात मोकळे नाहीत आणि तुम्हाला पळता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. मी तिकडे येतेय."

डॉक्टर थबकले.

"ठमीनेच धाडलंय, तेव्हा शब्द मोडलेला नाही. मोठा केलाय. आणि मी समुद्रासाठी येत नाहीये, तुमच्यासाठी येतेय. इतकी वर्षं ड्यूटी लागेल तिथे गेले. आता मी सांगतेय मला कुठे जायचंय..." तिने पकड सावरली. "थांबू नका हो, जड आहे हा."

पण डॉक्टर थांबलेच. साहेबांना त्यांनी अलगद पायरीवर ठेवलं आणि बाहीने डोळे पुसले. बाहीवरचे कुत्र्याचे केस भुवयांना चिकटले. तिने एकेक करून ते काढले. तिची बोटं त्यांच्या कपाळावर होती, आणि ते श्वास रोखून उभे होते, लहान मूल उभं राहतं तसे.

"इथे... हवा छान आहे," शेवटी ते कसेबसे म्हणाले.

"आहे खरी," ती म्हणाली.

साहेबांना एवढं सगळं पुरे झालं असावं. ते उठले, अंग झटकलं, आणि शेपूट हलवत आपल्या चार पायांनी तुरुतुरु पायऱ्या उतरायला लागले.

ती बघतच राहिली. "याला उतरता येतं?"

"येतं. चढताना त्रास होतो त्याला. उतरताना नाही."

"मग इतका वेळ हा इथे का बसला होता?"

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "तो नव्हता बसला," ते म्हणाले. "मी बसलो होतो. तो आपला माझ्या सोबतीला."