उजवी बाजू वर

पाहुण्याच्या युकात्याची, त्या सुती झग्याची, उजवी बाजू डावीवर आली होती. जेमतेम चार बोटं.

पण शिझुएनं चहाचा ट्रे खाली ठेवला. जपानात जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. उजवी वर घेतात ती फक्त प्रेताची.

हे खरंच घडलंय. शिझुएनं सांगितलं तसंच लिहितेय. नऊ फेब्रुवारीची संध्याकाळ. आओमोरीच्या डोंगरातलं तिचं जुनं अतिथीगृह.

पाहुणा काएतानो, ब्राझीलचा. नागोयातल्या कारखान्यात नवा. जपानी अडखळत बोलायचा.

तिनं हसून युकाता नीट करून दिला.

तो जेवायला आला...

उजवी बाजू पुन्हा वर.

भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचलेल्या, मेलेल्यापुढच्या भातात खोचतात तशा.

"अगं बाई!" कामवाली किनु कुजबुजली. "मालकीणबाई, यानं तर स्वतःच्याच नावानं भात वाढून घेतला!"

"दात काढू नकोस. त्या काड्या काढ आधी."

शिझुएनं त्याची गादी स्वतः घातली. उशी पूर्वेला.

सकाळी हाका मारल्या. तो बाहेर आला नाही.

तिनं दार सरकवलं...

उशी उत्तरेला. प्रेताची असते तशी. काएतानो उताणा, हात छातीवर. उजवी बाजू वर.

श्वास चालू होता. गाल मात्र बर्फ.

"उठा! अहो, उठा!"

त्यानं डोळे उघडले.

"असं घालायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"त्या आजींनी. तुम्ही नीट करून गेलात की त्या येऊन बदलायच्या."

घरात आजी नव्हत्या. सासूबाई याच खोलीत वारल्या होत्या, नऊ वर्षांपूर्वी.

"काय म्हणाल्या?"

"सुनेनं मला झगा चुकीच्या बाजूनं घातला, पलीकडची वाट सापडत नाही. तू पुढे हो, मी मागून येते."

शिझुएला सासूबाई गेल्या तो दिवस आठवला.

त्या दिवशी बर्फामुळे अंत्यविधीवाले पोचले नव्हते. तिनं एकटीनं, घाईत, सासूबाईंना जिवंत माणसासारखा झगा घातला. लक्षात आलं तेव्हा शवपेटी भट्टीत गेली होती. नवऱ्याला सांगायचं दर वर्षी ठरवायची. दर वर्षी पुढे ढकलायची.

तिनं काएतानोच्या युकात्याची डावी बाजू वर ओढली.

तिच्या बोटांखालून... ती परत आत सरकली.

मागे तातामीची चटई करकरली. तिथे कुणीच नव्हतं.

हाका ऐकून नवरा, शुंजी, दारात आला. "काय झालं गं?"

"अहो, आईंना झगा मी चुकीचा घातला होता. त्यांना वाट दाखवायला देवळातल्या भिक्षूंना बोलवा. आज मी सगळं सांगणार आहे."