सहा फूट पाण्यातली सायकल

“थांबा रे! थांबा!” मागून पंक्चर ओरडला.

टिटवीनं करकचून ब्रेक दाबला. “पुन्हा? सकाळपासून तिसऱ्यांदा!”

“मग माझं नाव काय उगाच पडलंय?” असं म्हणत त्यानं सायकल उलटी केली. लंबूनं मुकाट्यानं पंप पुढे केला. लंबू सातवीत असूनही वर्गशिक्षकांपेक्षा वीतभर उंच होता. आणि टिटवी एकदा बोलायला लागली की पाणथळीतल्या खऱ्या टिटव्यासुद्धा गप्प बसत, असं तिची आई म्हणायची.

दर सुट्टीत हे तिघं पाणथळीला वळसा घालत. नदीकाठची तीन गावं, वाटेत डबा आणि संध्याकाळी घरी. पण आजचा फेरा शेवटचा होता. टिटवीचे बाबा नावाडी. हिवाळ्यापासून पाणी असं ओसरत गेलं, की महिनाभर त्यांची नाव घाटाशी चिखलात रुतून बसली होती. आज पाच वाजता ती न्यायला एका हॉटेलवाल्याचा ट्रक येणार होता. त्याला म्हणे ती बागेत ठेवून तिच्यात फुलझाडं लावायची होती! आणि सोमवारी सगळं घर शहरात जाणार होतं; बाबा तिथं गोदामाचे पहारेकरी होणार होते.

“पाऊस तर चांगला झाला होता,” टिटवी म्हणाली. “मग पाणी जातं कुठं? पाचच्या आत शोधायचंच!”

शोधायचं कसं, ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

लव्हाळ्यांपाशी गेले तर पाण्यावर तरंगणारी पक्ष्यांची घरटी कोरड्या चिखलावर टेकली होती. एक कुत्रा आरामात अंडी खात होता. पंक्चरनं ढेकूळ भिरकावलं, कुत्रा दोन पावलं सरकला आणि पुन्हा खायला लागला. दुसऱ्या गावात एक कोळीण मावशी जाळं फाडत बसली होती.

“मावशी, चांगलं जाळं का फाडता?”

“कोंबड्यांना कुंपण करतेय. मासेच नाहीत तर जाळ्याची काय पूजा करू?” ती मान वर न करता म्हणाली.

तिथून पुढे तिघांनी सायकली जोरात हाणल्या.

दुपारी ते बांधावर पोचले. इथं एक लोखंडी दार होतं. ते उघडलं की पाणथळीचं पाणी नदीत जाई. दारापाशी पत्र्याची खोली, खोलीपुढे खुर्ची आणि खुर्चीत दुर्बीण घेतलेले दारवाले काका. आणि समोर दार चक्क उघडं! पाणी धो धो वाहत होतं.

“काका!” टिटवी किंचाळली. “दार बंद करा! सगळं पाणी चाललंय!”

“ए, हळू! कान गेले माझे!” काकांनी दारालगतच्या पाण्यातल्या खांबाकडे बोट दाखवलं. त्यावर फुटांचे आकडे रंगवले होते. “वाच. सहा आणि वर चार बोटं. सहाच्या वर पाणी असेल तर दार उघडं, खाली गेलं तर बंद. वीस वर्षांत मी एकदाही चुकलेलो नाही.”

“पण हा मोजखांब तर पाणथळीच्या मधोमध होता ना?” टिटवीनं विचारलं. “बाबाच तुम्हांला नावेतून न्यायचे.”

“माझे गुडघे गेले, बाई. म्हणून हिवाळ्यात इथंच आणून रोवला. बसल्या जागी दिसतो! आणि नशीब बघ, रोवला त्याच दिवशी पाणी पाच फुटांवरून दहावर चढलं! मी तातडीनं दार उघडलं, नाहीतर तिन्ही गावं वाहून गेली असती. पण मेल्यांना त्याचं कौतुक नाही!”

टिटवीनं दोघांना बाजूला ओढलं. “कळलं का? पाणी चढलंच नाही! दारापाशी धारेनं तळ खरवडून खोल खड्डा पडलाय. खांब खड्ड्यात उभा आहे, म्हणून दहा दिसले!”

“उंटावरून शेळ्या हाकतायत हे,” लंबू पुटपुटला. “सांगूया.”

सांगितलं. काका भडकले. “कालची पोरं मला शिकवणार? चला, निघा!”

“निघतो,” टिटवी शहाण्या मुलीसारखी म्हणाली. “काका, मधोमध सहा फूट पाणी आहे ना? म्हणजे लंबू बुडेल?”

“बुडेल म्हणजे? शेंडीसुद्धा दिसणार नाही! खबरदार कुणी उतराल तर!”

पाव तासानं पंक्चर काकांपाशी येऊन म्हणाला, “काका, जरा दुर्बीण लावता?”

काकांनी लावली आणि ते ताडकन उठले. गुडघे विसरूनच! मधोमध, जिथं पूर्वी खांब दगडांत रोवलेला होता, तिथं लंबू सायकलवर बसला होता. पाणी जेमतेम पॅडलला लागत होतं. पाठीमागून सीट धरून टिटवी ढकलत होती. सायकल डुगडुगत पुढे सरकली आणि लंबूनं घंटीसुद्धा वाजवली!

काकांच्या हातून दुर्बीण सुटली. मग त्यांनी दाराचं चाक धरलं. “ये रे, हात लाव,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “माझ्या एकट्याच्यानं फिरायचं नाही.”

दार बंद झालं. काकांनी स्वतःच फोन करून पाटबंधारे खात्याच्या साहेबांना बोलावलं आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. साहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. “शाबास! आमच्या खात्याला जे दिसलं नाही ते तुम्हांला दिसलं!”

“साहेब, मग पाणी परत कधी येईल?” टिटवीनं विचारलं.

साहेबांनी बंद दाराकडे पाहिलं. “आता पावसाळ्यातच, बाळ. चार महिने तरी जातील.”

घरी पोचायला पावणेपाच झाले. घाटावर ट्रक उभा होता. टिटवीनं धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास, पोरी. मला वाटायचं, नदीनंच पाठ फिरवली. म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं तर.”

“मग आता नाव राहील ना?”

“पाणी पावसाळ्यात. तोवर खायचं काय?”

तिला कडकडून भांडावंसं वाटलं. पण कुणाशी? काकांचे गुडघे खरंच दुखत होते. कुणी दुष्ट माणूस सापडला असता तर किती बरं झालं असतं!

चार माणसांनी नाव चिखलातून उपसली, पण ट्रकवर काही चढेना. “अजून एक हात हवा!” ड्रायव्हर ओरडला. लंबू आणि पंक्चर जागचे हलले नाहीत. ते टिटवीकडे बघत होते.

टिटवीनं सायकल आडवी टाकली, बाबांच्या शेजारी जाऊन नावेला खांदा लावला आणि जोर केला.