दातांनी सोललेली वायर

ही गोष्ट मनानं रचलेली नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा सख्खा मामा आहे, आणि तेव्हापासून त्यानं दुधावरची साय तोंडात घेतलेली नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

मामा टीव्ही दुरुस्त करतो. वायर सोलायला हत्यार घेत नाही, दात वापरतो. म्हणून बाजारात सगळे त्याला 'पक्कड' म्हणतात. मामी कानीकपाळी ओरडायची, "अहो, लोकांच्या घरची घाण तोंडात घालू नका!" मामा हसण्यावारी न्यायचा.

त्या दिवशी तो एका काकूंकडे गेला. तिसरा मजला. महिन्यापूर्वीच त्यांचा नवरा गेलेला.

"चित्रात मुंग्या येतात, त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या. "तो आवाज तेवढा घालवा. घास उतरत नाही हो मला."

मामानं टीव्ही लावला. मुंग्याच मुंग्या. आणि मग...

खर्रर्र.

कुणीतरी घसा खाकरला. भरलेला, ओला. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा जोर लावून. मग गिळल्याचा आवाज.

मामाला शिसारी आली.

गच्चीवर अँटेनाच्या काठीला बूस्टर होता, सिग्नल वाढवणारा. त्याला वीज पुरवणारा छोटा डबा टीव्हीच्या मागे. बूस्टर जास्त झाला तरी चित्र बिघडतं, म्हणून मामानं डब्यावरचं बटण कमी केलं. खाकरणं बारीक झालं. जरा वाढवलं...

अगदी कानाशी आलं.

"शेवटी शेवटी हे असंच करायचे," काकू पुटपुटल्या. "थुंकायचे नाहीत. गिळायचे."

मामानं डब्याची पिन काढली. आवाज चालूच. मग टीव्हीतून अँटेनाची वायरच उपटली...

शांत.

म्हणजे दोष वायरीत. पाणी शिरलं असेल. नवं टोक सोलून बघावं म्हणून त्यानं सवयीनं वायर दातांत धरली आणि ओढली.

तोंडात काहीतरी आलं.

कोमट. खारट. चिकट, तार धरणारं... आणि येतच राहिलं.

त्याला थुंकायचं होतं. पण घसा आपोआप हलला...

मामानं ते गिळलं.

बेसिनपाशी जाऊन तो भडाभडा ओकला. दुपारचं जेवण तेवढं पडलं. ते पडलं नाही.

मग त्यानं वायर नवी टाकली. चित्र स्वच्छ. आवाज बंद. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून झाकून ठेवलेलं ताट त्यांनी पुढे ओढलं आणि मामासमोरच पोटभर जेवल्या.

मामानं दहा वेळा चूळ भरली. घरी जाताना वायर सोलायचं हत्यार विकत घेतलं. मामीला काही बोलला नाही.

जेवायला बसले. मामी वाढत होती. मामाचा घसा खवखवला. तो खाकरला. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा जोर लावून.

मग गिळलं.

मामीचा हात तिथेच थांबला. "अहो... हा तुमचा आवाज नाही."

याला वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही. मामा स्वयंपाकघरात दार लावून एकटा जेवतो, मामी बाहेर टीव्हीचा आवाज मोठा करून बसते. मी गेलो की मामी जेवायचा आग्रह करते. मी म्हणतो, जेवूनच आलोय.

खोटं असतं ते. उपाशी असतो मी.