त्रयस्थाची माहिती

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातल्या लहान काट्यापासून कचऱ्याच्या गाड्या तोलणाऱ्या मोठ्या काट्यापर्यंत, कुठला काटा खोटं बोलतोय ते मला लगेच कळतं. त्या धंद्याने माझा स्वभाव खडूस झालाय, असं बायको म्हणायची. हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि आता जे सांगणार आहे त्याचा हिशेब अजून लागलेला नाही.

बायको पालिकेत आस्थापना विभागात कारकून आहे. मागे पालिकेने कर्मचाऱ्यांसाठी ई-लर्निंग आणलं. संगणकासमोर बसायचं, धडे पाहायचे, ‘पुढे’ असं बटण दाबत राहायचं आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. आग लागली तर काय करावं, नागरिकांशी कसं बोलावं, फायली कशा लावाव्यात. एक धडा तर खुर्चीत कसं बसावं यावर होता. ज्या मंडळींनी जन्मभर दुसरं काही केलं नाही त्यांना हे शिकवणार, म्हणून आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

सक्ती सगळ्यांना होती आणि हौस कुणालाच नव्हती. हिचा हात झरझर चालतो आणि हिला नाही म्हणता येत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. “ताई, तेवढं आमचंही उरकून टाका ना,” म्हणत एकेकाने आपला पासवर्ड हिच्या गळ्यात मारला. जिन्याखालच्या खोलीत एक संगणक मांडला होता. खोलीला एकच खिडकी, रस्त्याच्या बाजूला. तिथे बसून ही अख्ख्या पालिकेचं शिक्षण करायची.

अडचण एवढीच होती की प्रत्येकाचं खातं उघडताना ती प्रणाली गुप्त प्रश्न विचारायची. लहानपणी कशाची भीती वाटायची, आई काय म्हणून हाक मारायची, पहिली आठवण कोणती, असले. पुढे पासवर्ड विसरलाच तर माणूस ओळखू यावा म्हणून. आता प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन “साहेब, तुमची आई तुम्हाला काय म्हणायची?” असं कोण विचारणार? हिने सगळीकडे आपलीच उत्तरं भरली. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा चालत नसे, म्हणून दर खात्याला नवी आठवण शोधायची.

“आज आजोबांची सायकलसुद्धा वापरून टाकली,” एका संध्याकाळी ती हसत म्हणाली.

“मग खोटं काहीतरी लिही की,” मी म्हटलं.

“लिहून पाहिलं हो. घेत नाही.”

“संगणकाला काय कळतंय खरं-खोटं?”

ती भाजी चिरत राहिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाजारातून येत होतो. दुरुस्तीच्या दुकानाबाहेर एक जुनी काळी सायकल उभी होती. मी म्हटलं, “बघ, अगदी तुझ्या आजोबांची.” ती थबकली. “माझ्या आजोबांची सायकल होती?” तिने विचारलं. चेष्टा करत असेल असं वाटलं, पण तिचा चेहरा चेष्टेचा नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, झोप पुरत नाही म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्याच सुमारास पालिकेचा कचऱ्याचा काटा बिघडला. तो ऑफिसच्या मागच्या आवारात आहे. काम झाल्यावर मी कँटीनमध्ये चहाला बसलो. शेजारच्या टेबलावर करवसुलीतला कारकून बोलत होता. त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात, कारण थकबाकीच्या आकड्यांपलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटलेला कुणी ऐकला नव्हता. आज तो रंगात येऊन सांगत होता, “पुढच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून आजोबा मला बसवायचे. उतार आला की मी रडायला लागायचो. मग म्हणायचे, डोळे मीट, मी आहे ना.” आणि तो तोंडावर हात ठेवून हसला. आमच्या घरी असं एकच माणूस हसतं.

मी त्याला बाजूला घेतलं. “तुम्ही अनाथाश्रमात वाढलात ना?”

“हो की,” तो म्हणाला. “तेही आठवतं.”

घरी येऊन मी हिला ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली. ती मन लावून ऐकत होती. “किती गोड आहे नाही?” म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. मला पहिल्यांदा भीती वाटली. लग्नानंतर कितीतरी वर्षं ही बाई मला आपल्या घरच्या गोष्टी सांगत आली होती, आणि आता त्या माझ्याकडून नव्याने ऐकत होती.

मी बजावलं, “उद्यापासून हे बंद.”

“बंद कसं होणार? दर महिन्याला नवा धडा येतो. नवा धडा म्हणजे पुन्हा सगळ्यांचे नवे प्रश्न. आता ते माझ्या कामातच लिहून दिलंय.”

“मग रजा टाक.”

“रजा मंजूर करायच्या आधी साहेबांना रजेचा धडा पुरा करावा लागतो,” ती म्हणाली. “तो मीच करायचाय.”

मी अर्ज करणारा माणूस आहे. रस्त्यावरचा दिवा गेला तरी मी अर्ज करतो. मी पालिकेकडे माहिती मागितली की या प्रणालीने माझ्या बायकोकडून काय काय घेतलं आहे, ते कुठे ठेवलं आहे आणि परत कसं मिळेल. उत्तर मुदतीत आलं. सदर कर्मचारी या प्रणालीत नोंदलेल्या नाहीत. साठवलेली उत्तरं ज्यांच्या नावावर आहेत त्यांची ती वैयक्तिक माहिती असून त्रयस्थास देता येत नाही.

सगळ्यांचं करता करता हिचं स्वतःचं खातं उघडायचंच राहिलं होतं. आणि त्रयस्थ म्हणजे मी.

मी तडक माहिती अधिकारी बाईंकडे गेलो. त्यांना मी जन्मात कधी भेटलो नव्हतो. कडक बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. शिपायाने चहा आणला तसा त्यांनी माझ्यापुढचा साखरेचा डबा उचलून बाजूला ठेवला. “साखर नको तुम्हाला. सकाळची गोळी घेतलीत?”

“घेतली,” रोज सकाळी हिला सांगतो तसं मी म्हणून गेलो.

मग दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. पंखा तेवढा कुरकुरत होता.

“हे मला कसं ठाऊक ते विचारू नका,” बाई हळूच म्हणाल्या. “ज्याचं खातं, त्यालाच उत्तर बदलता येतं. बदललं की आधीचं सुटतं. ते तिला परत मिळेल का, हे कुणी बदलून पाहिल्याशिवाय कळणार नाही.”

“मग तुम्ही बदला.”

त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली, पुन्हा ठेवली. “आमच्याकडे कुणी कुणाला जेवलास का म्हणूनही विचारत नाही हो. सकाळी उठल्यावर तुमच्या गोळीची आठवण होते. बरं वाटतं.”

मी मौनीबाबाकडे गेलो. चांगलं भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले. “मला आई नव्हती,” तो म्हणाला. “आता संध्याकाळी दिवेलागणीला तिची हाक ऐकू येते. घरात ये म्हणते. दुसरं काहीही मागा, एवढं नका मागू.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून आलो. इतर टेबलांवरही तेच झालं. कुणाकडे हिची पहिली मैत्रीण होती, कुणाकडे तिच्या घरामागची विहीर, कुणाकडे तापात आईने कपाळावर ठेवलेला हात. सगळे माझ्याशी प्रेमाने वागले. कुणीही काही सोडायला तयार नव्हतं.

मी अपील केलं. सुनावणीची तारीख लागली, पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. ज्या साहेबांपुढे सुनावणी होती त्यांना आधी सुनावणीचा धडा पुरा करायचा होता.

मग एका दुपारी मी सरळ जिन्याखालच्या खोलीत गेलो.

ती पाठमोरी बसली होती. खोलीत कागदाचा आणि तापलेल्या यंत्राचा वास होता. पडद्यावर पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरचं नाव होतं आणि खाली प्रश्न. लग्नाच्या दिवशी जोडीदार तुमच्याशी पहिलं वाक्य काय बोलला?

मी तिचं मनगट धरलं.

“अहो, सोडा,” ती म्हणाली. “मुदत आजचीच आहे.”

“हे नको लिहूस. हे माझं आहे.”

“दुसरं काही उरलंच नाहीये हो.” तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ओळखही होती. “मी शोधलं. खूप शोधलं. एवढंच आठवतंय.”

मनगट माझ्या हातात होतं. दुसऱ्या हाताने ती लिहीत होती.

मी यंत्राच्या मागचं बटण दाबलं, वायर ओढली, तारेचा झटकाही बसला. पडदा विझला नाही. ‘पुढे’ हे बटण हिरवं झालं.

ती उठली. साडी सारखी केली. मग मला पाहून दचकली आणि अदबीने म्हणाली, “आपलं कुणाकडे काम होतं?”

मी काहीतरी पुटपुटत बाहेर आलो. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. ऑफिस सुटल्यावर घरी नेईन, घर पाहिलं की काहीतरी आठवेल, असं मी स्वतःला समजावत होतो.

संध्याकाळी ऑफिस सुटलं. सगळी पालिका पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. मौनीबाबा, माहिती अधिकारी बाई, इंजिनिअर, साहेब. त्यांच्यात तीही होती.

बसचा थांबा उजवीकडे आहे. ते सगळे डावीकडे वळले. आमच्या घराच्या दिशेने. समोरच्या फुटपाथवरून मीही मागोमाग निघालो.

औषधाच्या दुकानापर्यंत ते एकत्र चालत आले. तिथून आमची गल्ली सुरू होते. कोपऱ्यावर सगळे थबकले, एकमेकांकडे पाहून ओशाळं हसले, आणि आपापल्या घरांच्या वाटांनी पांगले.

तीही त्यांच्यासारखीच थबकली. त्यांच्यासारखीच हसली. पण तिला दुसरी कुठली वाट नव्हती. ती माघारी वळली आणि पालिकेकडे चालू लागली.

“अगं ए,” मी जिवाच्या आकांताने ओरडलो, “ऐकतेस का?”

रस्त्यावर पांगलेली ती सगळी माणसं जागच्या जागी थांबली. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

ती तेवढी चालत राहिली.